भांगेचे औषध आणि ताटातले तूप : आहारतज्ज्ञांनी काय जाणून घ्यावे

होळीनंतरच्या आठवड्यात केमोथेरपी सुरू असलेल्या एका काकूंना घेऊन त्यांचा मुलगा आहाराचा सल्ला घेण्यासाठी आला होता. रक्ततपासणीचे रिपोर्ट आणि वजनाच्या नोंदी टेबलावर मांडून झाल्यावर त्याने जरा अडखळतच खिशातून एक लहान तपकिरी बाटली काढली आणि म्हणाला, "मॅडम, हे सांगायचं राहिलं होतं. भूक लागावी म्हणून वैद्यांनी दिलंय." बाटलीवर 'विजया', म्हणजे भांगेचे आयुर्वेदातले नाव, लिहिलेले होते. काकू तीन आठवडे रोज सकाळी, चहाच्याही आधी, त्यातले आठ थेंब घेत होत्या आणि त्यांना काहीही त्रास झाला नव्हता. होळीच्या दिवशी सकाळच्या गडबडीत थेंब राहून गेले, म्हणून दुपारी पुरणपोळी आणि वाटीभर तूप अशा जेवणाबरोबर ते दिले गेले. जेवणानंतर लगेच काही जाणवले नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास मात्र काकूंना इतकी गुंगी आली, की त्यांना धड उठून बसता येईना आणि घरातली माणसे घाबरून गेली. थेंब रोजचेच होते. बदलले होते ते जेवण.

भांगेपासून बनवलेली औषधे आपण आहारतज्ज्ञ लिहून देत नाही आणि तो आपला अधिकारही नाही. परंतु ती औषधे ज्या जेवणाबरोबर पोटात जातात, ते जेवण आपण ठरवतो. या औषधांच्या बाबतीत जेवणामुळे मात्रेचा परिणाम दुप्पट, तिप्पट, चौपट होऊ शकतो. म्हणून या विषयाची निदान तोंडओळख प्रत्येक आहारतज्ज्ञाला असलीच पाहिजे असे मला मनापासून वाटते. रुग्ण ही गोष्ट आपणहून सांगत नाहीत. बहुतेकांना संकोच वाटतो आणि काहींना पोलिसांची भीती वाटते.

सुरुवात झाडापासून करू. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची निरनिराळी रूपे आहेत. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि झाडातून निघणारी राळ म्हणजे चरस. बी ही चौथी गोष्ट असून तिच्यात नशा आणणारे द्रव्य जवळजवळ नसतेच; जे थोडेफार आढळते, ते बहुधा टरफलाला चिकटलेल्या राळेतून आलेले असते. हा फरक पक्का लक्षात ठेवावा, कारण 'हेम्प' (भांगेच्या झाडाचे इंग्रजी नाव) असे लिहिलेले प्रत्येक पाकीट पाहून दचकणे जितके चुकीचे, तितकेच 'नैसर्गिक' असे लिहिलेल्या प्रत्येक तेलाला निर्धोक मानणेही चुकीचे आहे.

या झाडात कॅनाबिनॉइड या गटातली शंभराहून अधिक रसायने सापडतात. आपल्या कामापुरती त्यांपैकी दोनच नीट कळली तरी पुरे. पहिले टीएचसी. नशा, भूक, गुंगी, तोंडाला पडणारी कोरड आणि छातीतली धडधड हे मुख्यतः याचे परिणाम आहेत. त्याची रचना १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहीएल गाओनी यांनी उलगडली. दुसरे सीबीडी. त्याने नशा येत नाही, परंतु ते निरुपद्रवी आहे असा अर्थ त्यातून काढू नये. आणखी एक बारकावा असा, की ताज्या पानाफुलांत टीएचसी आम्लरूपात असते आणि त्या रूपात ते नशा आणत नाही. उष्णता लागली की त्याचे क्रियाशील टीएचसीत रूपांतर होते. म्हणून भांग उकळतात, परततात, आणि दुधातुपात घोटतात, कारण हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. ठंडाई घोटणाऱ्या माणसाला रसायनशास्त्र ठाऊक नसले, तरी त्याची कृती रसायनशास्त्राला धरूनच असते.

आता भुकेकडे वळू. आपल्या शरीरात कॅनाबिनॉइडसारखी द्रव्ये मुळातच तयार होतात आणि ती पेशींवरच्या ज्या जागांवर जाऊन बसतात ते ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, हेही असतात. त्यांपैकी सीबी-१ हा ग्राहक मेंदूत भरपूर प्रमाणात आढळतो: भूक नियंत्रित करणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये, गंध ओळखणाऱ्या भागात, आणि खाण्यातला आनंद जाणवणाऱ्या केंद्रांतही. शरीराने स्वतः बनवलेल्या अशा एका द्रव्याचा शोध १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत लागला आणि संस्कृतातल्या 'आनंद' या शब्दावरून त्याला आनंदमाइड असे नाव देण्यात आले. टीएचसी याच सीबी-१ ग्राहकांना चालना देते. त्यामुळे अन्नाचा वास अधिक जाणवतो, घास अधिक रुचतो आणि पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. याची उलट बाजूही वैद्यकाने पाहिलेली आहे. सीबी-१ ला अडवणारे रिमोनाबँट हे औषध लठ्ठपणासाठी युरोपात २००६ साली बाजारात आले. त्याने वजन उतरत होते, परंतु नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढल्याचे दिसल्यामुळे २००८ मध्ये ते तिथे मागे घ्यावे लागले. भूक आणि मन यांच्या तारा किती जवळून जातात, हे त्या प्रकरणातून दिसून आले.

सीबीडी मात्र भूक वाढवत नाही. सीबीडीपासून बनवलेले एपिडायोलेक्स हे औषध अमेरिकेत २०१८ साली लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्राव्हे या अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांसाठी मंजूर झाले. त्याच्या नेहमीच्या दुष्परिणामांत भूक मंदावणे, जुलाब, झोपाळूपणा आणि यकृतातील एन्झाइम वाढणे यांची नोंद आहे. म्हणजे 'भूक वाढवणारे भांगेचे तेल' म्हणून कोणी निव्वळ सीबीडी घेत असेल, तर अपेक्षेच्या नेमके उलट घडू शकते. मूल असेल तर वजन आणि उंचीचा आलेख अधिक वरचेवर पाहावा लागतो.

तूप, तेल आणि वेळ

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

धूर ओढल्यास टीएचसी काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचते. तोंडावाटे घेतल्यास त्याला जठर, आतडी आणि यकृत असा लांबचा प्रवास करावा लागतो. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, तो शिगेला पोचायला आणखी वेळ लागतो आणि उतरायलाही कित्येक तास जातात. वाटेत यकृतात त्याचे रूपांतर अकरा-हायड्रॉक्सी-टीएचसी या द्रव्यात होते आणि तेही नशा आणणारेच असते. पोटात गेलेल्या टीएचसीपैकी साधारण दहा ते वीस टक्केच रक्तात पोचते. पहिल्या तासात काहीच वाटले नाही म्हणून माणूस दुसऱ्यांदा घेतो आणि मग दोन्ही मात्रा एकदम चढतात. शिमग्यात भांग पिऊन रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा हीच असते.

यात आता स्निग्ध जेवणाची भर घाला. ड्रोनाबिनॉल हे प्रयोगशाळेत बनवलेले टीएचसी असून ते अमेरिकेत १९८५ पासून केमोथेरपीतील उलट्यांसाठी आणि १९९२ पासून एड्सच्या रुग्णांतील भूकमंदीसाठी वापरात आहे. चरबीयुक्त, भरपूर उष्मांकांच्या जेवणाबरोबर ते घेतले, तर रक्तातली सर्वोच्च पातळी गाठायला सुमारे चार तास अधिक लागतात आणि शरीराला मिळणारे एकूण औषध जवळपास तिप्पट होते. एपिडायोलेक्सच्या बाबतीत तर अशा जेवणाने सर्वोच्च पातळी पाचपट आणि एकूण शोषण चौपट होते. काकूंना दुपारी काहीच वाटले नाही आणि पाच वाजता गुंगी आली, याचा अर्थ आता लागेल. हाती तपासणी नसल्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही, पण घडलेला क्रम या आकड्यांशी जुळतो.

म्हणून आपण रुग्णाला सांगायची गोष्ट एकच आणि साधी आहे: औषध रोज ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या प्रकारच्या जेवणाच्या संदर्भातच घ्यावे. उपाशीपोटी म्हटले तर कायम उपाशीपोटी, जेवणानंतर म्हटले तर कायम जेवणानंतर, आणि त्या जेवणातले स्निग्धाचे प्रमाणही साधारण सारखेच ठेवावे. एकादशीचा उपवास, सणाचे जेवण, लग्नाची पंगत असे दिवस आधीच विचारून ठेवावेत. ज्या मुलांना अपस्मारासाठी कीटोजेनिक आहार दिला जातो, त्यांच्या ताटात तर जवळपास प्रत्येक वेळी स्निग्धच प्रमुख असते. अशा मुलाला सीबीडी सुरू होत असेल किंवा ते घेत असतानाच कीटोजेनिक आहार सुरू किंवा बंद होणार असेल, तर ही गोष्ट मेंदुविकारतज्ज्ञांच्या कानावर घालणे हे आहारतज्ज्ञाचे काम आहे, कारण त्या आहारातला बदल हा प्रत्यक्षात मात्रेतला बदल ठरू शकतो. आणखी एक लहान पण महत्त्वाची बाब म्हणजे ड्रोनाबिनॉलच्या कॅप्सूलमध्ये आणि एपिडायोलेक्समध्ये तिळाचे तेल असते. तिळाची अॅलर्जी असलेल्यांना हे विचारल्याशिवाय राहू नये.

भूक वाढली म्हणजे काम झाले का? पुरावा इथे जपून वाचावा लागतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एड्सच्या रुग्णांवरील चाचणीत ड्रोनाबिनॉल घेणाऱ्यांची भूक ३८ टक्क्यांनी सुधारली, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांची ८ टक्क्यांनी; वजन मात्र वाढण्याऐवजी साधारण स्थिर राहिले. कर्करोगाचे चित्र याहून निराशाजनक आहे. २००२ च्या एका मोठ्या चाचणीत मेजेस्ट्रॉल या औषधाने ७५ टक्के रुग्णांची भूक सुधारली, ड्रोनाबिनॉलने ४९ टक्क्यांची. २००६ च्या युरोपातील चाचणीत भांगेचा अर्क, शुद्ध टीएचसी आणि निष्क्रिय कॅप्सूल या तिन्हींत भूक आणि जीवनमान यांबाबत लक्षणीय फरक दिसला नाही. २०११ मध्ये एका छोट्या अभ्यासात टीएचसी घेणाऱ्यांना अन्नाची चव बरी लागू लागली आणि त्यांच्या आहारातला प्रथिनांचा वाटा वाढला, हे मला आशादायक वाटते, परंतु तो अभ्यास पूर्ण करणारे रुग्ण वीसएकच होते.

यामागचे कारण रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगण्याजोगे आहे. कर्करोगात शरीर झिजते ते निव्वळ कमी खाल्ल्यामुळे नव्हे. आजारामुळे उठलेला दाह स्नायूंचे प्रथिन मोडत राहतो. या झिजेला, म्हणजे कॅशेक्सियाला, भूक वाढवून पूर्ण आवर घालता येत नाही. त्यामुळे थेंब सुरू केल्यावर काकू दोन घास जास्त खाऊ लागल्या, तर ते चांगलेच, पण ते दोन घास कशाचे आहेत हे आपण ठरवून द्यायला हवे. टीएचसीने बहुधा गोड आणि चटकदार पदार्थांची ओढ लागते. ती येण्याच्या वेळेला घरात अंड्याची भुर्जी, दही-साखर, शेंगदाण्याचा लाडू किंवा मुगाचे धिरडे तयार असेल, तर त्या भुकेचा उपयोग होतो. नाहीतर ती बिस्किटांवर संपते.

बाटली हाती घेऊन वाचताना

काकूंच्या बाटलीवर लिहिले होते ते असे: एकूण तीस मिलिलिटर, त्यात विजयापत्राचा अर्क १५०० मिलिग्रॅम. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम अर्क. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर आठ थेंबांत २० मिलिग्रॅम अर्क आला. घरचे लोक इथे थांबतात आणि 'वीस मिलिग्रॅम औषध' असे सांगतात. परंतु अर्क म्हणजे टीएचसी नव्हे. त्या अर्कात टीएचसी पाच टक्के असेल तर आठ थेंबांत एक मिलिग्रॅम होते, आणि चाळीस टक्के असेल तर आठ मिलिग्रॅम. भुकेसाठी ड्रोनाबिनॉलची सुरुवातीची मात्रा दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणापूर्वी तासभर आधी अडीच मिलिग्रॅम इतकीच असते, हे शेजारी ठेवून पाहिले की एक आणि आठ यांतले अंतर किती मोठे आहे ते कळते. शिवाय तेलकट द्रवाचा थेंब ड्रॉपरप्रमाणे लहानमोठा पडतो. टीएचसी आणि सीबीडी यांचे प्रमाण लेबलवर वेगवेगळे दिलेले नसेल, तर ते देणाऱ्या वैद्यांकडून किंवा उत्पादकाकडून लेखी मागवून घ्यावे.

आयुर्वेदाला हे द्रव्य नवे नाही, आणि त्याने ते कधी हलक्या हाताने वापरलेलेही नाही. शार्ङ्गधरसंहितेत 'व्यवायी', म्हणजे पचण्यापूर्वीच सर्व शरीरात पसरणाऱ्या द्रव्याचे उदाहरण म्हणून भांगेचेच नाव येते, आणि ग्रहणी या पचनाच्या विकारावर दिल्या जाणाऱ्या जातिफलादि चूर्णात ती असते. औषधात घेण्यापूर्वी तिचे शोधन, म्हणजे शुद्धीकरण, करण्याचा दंडक आहे. आजच्या औषध नियमांतही बियांव्यतिरिक्त भांग विषारी द्रव्यांच्या यादीत असून तिच्यापासून बनवलेली आयुर्वेदिक औषधे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत अशी सूचना लेबलवर छापावी लागते.

कायद्याविषयी थोडक्यात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविषयक, कायद्यात राळ आणि फुलोऱ्याचे शेंडे यांवर बंदी आहे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. पानांचे नियमन राज्यांकडे आहे आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना भांग बाळगता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेल्या गमीज किंवा तेल 'तिकडे चालते' म्हणून इथे चालत नाही, हे रुग्णांना शांतपणे सांगावे. अशा गोड गोळ्या घरातल्या लहान मुलांच्या हाती लागणे हा वेगळाच धोका आहे.

बियांची गोष्ट मात्र निराळी. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचे बी, बियांचे तेल आणि बियांचे पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये अशी मर्यादा घातली. कुमाऊंच्या डोंगरात या बियांची चटणी पिढ्यानुपिढ्या खाल्ली जाते. सोललेल्या बियांत शंभर ग्रॅममागे सुमारे ३१ ग्रॅम प्रथिने, ४९ ग्रॅम स्निग्ध आणि ५५० उष्मांक असतात. आवश्यक मेदाम्ले उत्तम प्रमाणात असतात, तर लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल थोडे कमी पडते. शाकाहारी रुग्णाला तीन मोठे चमचे, म्हणजे तीसएक ग्रॅम, भाजलेल्या जवसाच्या चटणीसारखे वापरता येतात आणि त्यातून साडेनऊ ग्रॅम प्रथिने मिळतात. मात्र त्याच तीस ग्रॅममधून सुमारे ५०० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि ३६० मिलिग्रॅम पोटॅशियमही येते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाला 'प्रोटीन पावडर' म्हणून हेम्प सुचवताना हात आखडता घ्यावा. आणि बियांच्या तेलाने भूक वाढत नाही, वेदना थांबत नाहीत. ते करडईच्या तेलासारखे एक खाद्यतेल आहे.

इतर औषधांशी होणाऱ्या संयोगाकडेही लक्ष हवे. टीएचसी आणि सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइमांवर अवलंबून असतात, त्यांवर इतर अनेक औषधेही अवलंबून असतात. सीबीडीमुळे क्लोबाझाम या अपस्मारावरील औषधाच्या क्रियाशील घटकाची पातळी वाढते. व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरीलच दुसऱ्या औषधाबरोबर यकृताचे एन्झाइम चढण्याचा धोका वाढतो. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) वाढल्याच्या नोंदी आहेत. ग्रेपफ्रूट यांतल्याच एका एन्झाइमला अडवते, आणि आपल्याकडचे पपनस हे त्याच जातकुळीतले फळ आहे. त्यामुळे अशा रुग्णाच्या आहारात ते रोजचे फळ म्हणून मी लिहून देत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, किशोरवयीन मुले, हृदयविकाराचे रुग्ण आणि घरात मनोविकाराचा इतिहास असलेली माणसे यांनी टीएचसीपासून दूरच राहावे.

एक आजार मुद्दाम सांगते, कारण तो बहुधा आपल्याच टेबलासमोर येऊन बसतो. वर्षानुवर्षे रोज गांजा ओढणाऱ्या काहींना मधूनमधून अनावर उलट्या होऊ लागतात, पोट दुखते, वजन उतरते, आणि कढत पाण्याने पुन्हा पुन्हा आंघोळ केली की तेवढ्यापुरते बरे वाटते. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ साली याचे पहिल्यांदा वर्णन केले. एंडोस्कोपी, आम्लपित्ताच्या गोळ्या, दूध बंद, गहू बंद असे सगळे करून रुग्ण आहारतज्ज्ञाकडे पाठवला जातो. गांजा पूर्ण थांबवल्यावरच हा त्रास जातो, पथ्याने जात नाही. तरुण रुग्ण, वारंवार उलट्या, सर्व तपासण्या स्वच्छ, आणि बोलण्यात सहज आलेला गरम पाण्याचा उल्लेख असे चित्र दिसले, तर घरच्यांना बाहेर थांबवून एकट्याला विचारावे. 'तुम्ही नशा करता का?' असे विचारल्यास उत्तर 'नाही' असेच येते. 'काही लोक भूक, झोप किंवा दुखण्यासाठी भांग, गांजा किंवा त्याचे तेल वापरतात. तुम्ही कधी वापरले आहे का?' असे विचारले, की माणूस बोलू लागतो.

काकूंच्या बाबतीत आम्ही त्या दिवशी त्यांच्या समोरच कर्करोगतज्ज्ञांना आणि वैद्यांना फोन केला. दोघांनाही एकमेकांच्या औषधांची कल्पना नव्हती. केमोथेरपीच्या औषधांची यादी वैद्यांकडे गेली, अर्कातल्या टीएचसीचे प्रमाण उत्पादकाकडून मागवले गेले, आणि ते येईपर्यंत थेंब थांबवायचे असे त्या दोघांनी ठरवले. केसपेपरवर मी औषधांच्या रकान्यात विजयेचे नाव, थेंबांची संख्या, घेण्याची वेळ आणि त्या वेळचे जेवण अशी नोंद केली. निघताना काकूंनी एवढेच विचारले, की गुढीपाडव्याला श्रीखंड खाल्ले तर चालेल का. थेंब बंद होते, म्हणून मी वाटीभर खा म्हटले.